वीरधवलची कोरडी वर्षं

गोव्यात २०२३ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवल खाडेने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धात्मक पोहण्याला रामराम केला. महिलांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळालं त्याची पत्नी ऋजुता खाडे हिला. साहजिकच बातम्या झाल्या त्या नवरा-बायकोच्या सुवर्णांच्या. निरोप इतका गोड झाला की या कारकिर्दीच्या मधोमध पडलेलं भगदाड कोणाला फारसं आठवलं नाही. या जलतरणपटूची गोष्ट सांगायची तर त्या भगदाडाला वळसा घालून चालणार नाही.

वीरधवल कोल्हापूरचा. जन्म २९ ऑगस्ट १९९१. तालमी आणि फुटबॉल यांच्यावर जीव टाकणाऱ्या या गावाला पोहणंही नवं नाही. पावसाळा ओसरला की पंचगंगेच्या घाटावर सूर मारणारी पोरं इथे पिढ्यान् पिढ्या दिसत आली आहेत. पण नदीत तरबेज होणं वेगळं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी झगडणं वेगळं. त्यासाठी तो बंगळूरला गेला आणि निहार अमीन यांच्या हाताखाली तयार झाला.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो पाण्यात उतरला तेव्हा त्याला सतरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते. १०० मीटर फ्रीस्टाइलच्या आपल्या प्राथमिक शर्यतीत तो ५०.०७ सेकंदांत पहिला आला. या शर्यतींची विभागणी आधीच्या वेळांवरून होते, सर्वांत वेगवान मंडळी शेवटच्या शर्यतींमध्ये असतात. त्यामुळे शर्यत जिंकूनही उपांत्य फेरी लांबच राहिली. तरीही सोळा वर्षांचा मराठी मुलगा ऑलिंपिकच्या तलावात आपल्या शर्यतीतल्या सगळ्यांच्या पुढे होता, हे दृश्य आपल्याला नवीनच होतं.

दोन वर्षांनी, ग्वांगझूच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ सेकंदांची वेळ देत कांस्य पटकावलं. जलतरणातलं भारताचं आधीचं आशियाई पदक खजान सिंगचं होतं, १९८६ च्या सोल स्पर्धेतलं, २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य. मधे चोवीस वर्षं कोरडी गेली होती. एकोणीस वर्षांच्या पोराने तो दुष्काळ संपवला. २०११ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्र शासनानेही कौतुक केलं. वीरधवल तहसीलदार झाला, मालवणला नेमणूक मिळाली. आपल्याकडे ज्या खुर्चीसाठी मुलं वर्षानुवर्षं अभ्यासिकांमध्ये बसतात ती खुर्ची त्याला विशीच्या उंबरठ्यावर मिळाली. आईवडिलांना आणखी काय हवं? भारतात पोहणाऱ्याला लीग नाही, लिलाव नाही, कारकीर्द संपल्यावर समालोचनाचं कामही नाही. नोकरी नाकारण्याचा सल्ला कोणत्या तोंडाने द्यायचा?

पण तहसीलदाराचा दिवस कसा असतो? सातबारा आणि फेरफाराच्या तक्रारी, दाखल्यांवर सह्या, वाळूच्या गाड्या, वादळपावसाचे पंचनामे आणि निवडणूक आली की रात्रीचा दिवस. पोहणाऱ्याचा दिवस उजाडण्याआधी सुरू होतो. सकाळी तलावात, मग व्यायामशाळेत, संध्याकाळी पुन्हा तलावात, आणि मधल्या वेळात खाणं आणि झोप, कारण तोही सरावाचाच भाग असतो. हे दोन दिवस एका माणसाच्या चोवीस तासांत बसत नाहीत. सराव तुटला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला वीरधवल नव्हता. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य मिळालं ते संदीप सेजवालला. संदीपही अमीन यांचाच शिष्य, बीजिंगला दोघे बरोबर होते. रिओलाही वीरधवल दिसला नाही.

कमी अंतराच्या पोहण्यात ही वर्षं फार महागाची. पाण्यावरची पकड, ज्याला पोहणारे 'फील' म्हणतात, आठवडाभराच्या सुट्टीनेही बोथट होते. विशीत ताकद भरते, सुरुवातीची उडी तेज होते, पाण्याखालच्या डॉल्फिन किकला धार येते. ज्या वयात हे सगळं जुळून यायचं, त्या वयात तो फायली उपसत होता.

आश्चर्य याचं की तो परतला. नोकरी सांभाळून पुन्हा सरावाला लागला आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत, सत्ताविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरीत वेळ आली २२.४७. जपानच्या शुनिची नाकाओची २२.४६. कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं.

त्या वेगाने पोहणारा माणूस सेकंदाला सव्वादोन मीटर कापतो, म्हणजे ०.०१ सेकंदात जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर. बोटाच्या रुंदीहून किंचित जास्त. ५० मीटरच्या शर्यतीत वळण नसतं, चूक भरून काढायला दुसरी फेरी नसते. उडी, पंधरा मीटरच्या आत पाण्यावर येणं, मग श्वास जवळजवळ न घेता हात मारत राहायचं आणि भिंतीवरच्या टच पॅडला बोटं टेकवायची. शेवटचा हात पूर्ण ताणला गेला की अर्धवट राहिला, यावर पदक ठरतं. आणखी चार वर्षं सराव असता तर ही बोटभर जागा भरून निघाली असती का? शपथेवर सांगता येणार नाही. पण मधली वर्षं हरवूनही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ देणारा माणूस, ती वर्षं हाती असती तर तिथेच अडकला असता, हे पटत नाही.

भाबडेपणाही नको. टोकियो ऑलिंपिकच्या थेट प्रवेशासाठी ५० मीटर फ्रीस्टाइलची 'अ' पात्रता वेळ २२.०१ सेकंद होती. त्याच्या विक्रमापेक्षा ०.४२ सेकंदांनी कमी, म्हणजे तलावात जवळजवळ एक मीटरचा फरक. पुढे कोविडमध्ये तलावांना टाळी लागली. २०२० च्या जूनमध्ये, तलाव उघडत नसतील तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, असं त्याला जाहीरपणे सांगावं लागलं. टोकियोला श्रीहरी नटराज, साजन प्रकाश आणि माना पटेल गेले. सर्व वर्षं तलावात गेली असती तरी ऑलिंपिक पदक मिळालंच असतं, असा दावा मी करणार नाही. आशियाई पदकं मात्र एकाहून अधिक असती, असं म्हणायला मी कचरत नाही.

याच कोल्हापूर जिल्ह्यातला नेमबाज स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. रेल्वे आणि सेनादल खेळाडूला नोकरी देतात ती खेळण्यासाठी. नेमणूक क्रीडा कोट्यातली असते, सरावासाठी सवलत मिळते आणि बढती पदकामागून येते. राज्य सरकारची थेट नियुक्ती ही खेळून झालेल्या कर्तृत्वाची पावती असते. पस्तिशीतल्या निवृत्त खेळाडूला ती शोभून दिसते. एकोणीस-वीस वर्षांच्या जलतरणपटूला तिचा अर्थ 'आता पुरे' असा होतो.

वीरधवलने तक्रारीचा पाढा वाचत कारकीर्द घालवली नाही. दोन्ही कामं केली, आणि दोन्हींची किंमत स्वतः मोजली. पुढच्या वीरधवलला ती मोजायला लावू नये. नियुक्तीपत्र जरूर द्यावं, ज्येष्ठताही त्याच दिवसापासून धरावी. पण तो पोहतो आहे तोवर त्याची हजेरी तहसील कचेरीत नव्हे, तलावावर लागेल, असं एक कलम त्या पत्रात शासनाने घालावं.