उंदरांचा बंदोबस्त : आधी भिंत, मग विष

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी गाठू लागले म्हणजे नदीकाठच्या मळ्यांतील बिळे बुडतात आणि त्यांतील उंदीर-घुशी उंचावरच्या वस्तीचा आश्रय शोधू लागतात. पुढे गळिताचा हंगाम सुरू होऊन उसाचे फड तुटू लागले की शेतातला त्यांचा आडोसा पुन्हा नाहीसा होतो. एका अंगास नदी व दुसऱ्या अंगास ऊस अशा कसबा बावड्यात, म्हणूनच, उंदरांचा बंदोबस्त वर्षातून दोनदा तरी आठवणीने करावयास हवा.

हा बंदोबस्त म्हणजे विषाची पुडी, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती मला घातक वाटते. घरात वावरणारा लहान राखी उंदीर जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा. परंतु त्याची मादी सुमारे वीस दिवसांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्ले घालते आणि ती पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः प्रजननक्षम होतात. तेव्हा मारलेल्या उंदरांची जागा, अन्न आणि वाट शिल्लक असेपर्यंत, नवे उंदीर अल्पावकाशातच भरून काढतात.

ही वाट किती अरुंद असावी? दाराखालच्या फटीत शिसपेन्सिल सरकली की लहान उंदीर आत येऊ शकतो, असे समजावे. जुन्या मातीच्या भिंतीत लाकडी खांब जिथे पुरला आहे तो सांधा, न्हाणीघराची मोरी, कौले आणि भिंत यांमधील पोकळी आणि नळ भिंतीतून जातो ती जागा बॅटरीच्या प्रकाशात पाहावी. उंदीर भिंतीला अंग घासत नेहमीच्या वाटेनेच जात असल्याने तेथे तेलकट काळपट पट्टा उमटतो, आणि त्याच्याशेजारी टोकदार बारीक लेंड्या आढळतात. भगदाडात लोखंडी तारेचा चोथा ठासून वर सिमेंट लिंपावे, मोरीवर जाळी बसवावी, दाराच्या तळास पत्रा ठोकावा. धान्य पत्र्याच्या पिंपात, भिंतीपासून अंतर राखून ठेवावे. पिंजराही खोलीच्या मधोमध न ठेवता त्या काळ्या पट्ट्यालगतच लावावा. चिचुंद्रीस मात्र विनाकारण मारू नये. ती उंदरांच्या कुळातली नसून मुख्यतः किडे खाते.

विषाविषयी अधिक सावधगिरी हवी. झिंक फॉस्फाइडपासून पोटातील आम्लामुळे फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण होतो व त्यावर उतारा नाही. शिवाय अपुरी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा सहसा तोंडी लावीत नाही. लहान मुले असलेल्या घरात असे विष उघड्यावर ठेवणे सर्वथा अनुचित होय.

प्लेगचा इतिहास या गावाला परका नाही. येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात १८७४ साली जन्मलेले शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभीच, १८९६ साली मुंबईत प्रकटलेली ही साथ संस्थानातही पोहोचली. घरात उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपडी घालावी, एवढे रयत अनुभवाने शिकली होती. मेलेल्या उंदराच्या थंडावलेल्या अंगावरून पिसवा उठून माणसाकडे वळतात, हे कारण पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत उजेडात आणले. आज प्लेगचे भय ओसरले असले, तरी पुराच्या चिखलात मिसळणाऱ्या उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. म्हणून चिखल उपसताना गमबूट व हातमोजे घालावेत आणि मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये.

जुन्या गल्ल्यांत घराघरांच्या भिंती सामाईक असतात व छपरे एकमेकांस भिडलेली असतात, त्यामुळे एकट्या घराचा प्रयत्न बहुधा वाया जातो. यंदा मृग लागण्यापूर्वी आणि पुन्हा गळितापूर्वी, संबंध गल्लीने एकाच आठवड्यात फटी बुजविण्याची व उकिरडे हलविण्याची तजवीज करावी, एवढीच बावडेकरांस विनंती आहे.