पोलिसांनी बेकायदा डांबलं, तर खटला कोणावर?

शिक्षक मित्रहो, मूलभूत हक्कांच्या पाठात संविधानाचं कलम २२ आपण दोन ओळींत उरकतो. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं. (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम वेगळे, तो विषय पुन्हा कधीतरी.) मग वर्गातून प्रश्न येतोच, "आणि पोलिसांनी हे केलंच नाही तर?" पालकहो, हा प्रश्न घरीही येईल.

भीमसिंग यांचं उदाहरण सांगा. ते जम्मू-काश्मीरचे आमदार. सप्टेंबर १९८५ मध्ये अधिवेशनासाठी श्रीनगरला निघाले असताना त्यांना रात्री वाटेतच अटक झाली. पुढे ११ आणि १३ तारखेला पोलिसांनी कोठडीचे आदेश मिळवले, तेही त्यांना समोर उभं न करता! म्हणजे सही करणाऱ्यांनीही माणूस कुठे आहे हे विचारलं नाही. पत्नी जयमाला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि ५० हजार रुपये भरपाई द्यायला लावली. पण द्यायला सांगितलं राज्य सरकारला. म्हणजे कायदा मोडला अधिकाऱ्यांनी आणि पैसे गेले जनतेच्या तिजोरीतून.

मग खटला भरता येत नाही का? येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ मध्ये कुणालाही अन्यायाने कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे. कलम २५८ तर खास अधिकारपदावरच्या माणसासाठी आहे. बेकायदा आहे हे माहीत असून डांबलं, तर ७ वर्षांपर्यंत शिक्षा. अडतं ते सरकारच्या पूर्वपरवानगीपाशी. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी ही परवानगी लागते असा बचाव होतो, आणि फाईल पडून राहते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने त्यावर १२० दिवसांची मुदत घातली. तेवढ्यात निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असं धरायचं. हे चांगलंच झालं.

काहीजण म्हणतात, अशाने पोलीस कामच करायला घाबरतील. मला हे पटत नाही. गाडी बंद पडून दोन तास उशीर झाला, तर त्यासाठी खात्याची चौकशी पुरे, तुरुंग नको. पण 'माहीत असून' हा शब्द कलमातच आहे ना! जाणूनबुजून डांबणाऱ्यावर खटला व्हायलाच हवा.

खरी अडचण पुराव्याची. माणसाला आणलं सोमवारी, अटक 'दाखवली' बुधवारी. २४ तास मोजायचे कुठून? डायरी तर पोलिसांच्याच हातात. म्हणून १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेच्या पंचनाम्यावर तारीख-वेळ आणि घरच्या किंवा परिसरातल्या साक्षीदाराची सही सक्तीची केली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला सांगितलं.

तेव्हा मुलांना एवढं जरूर सांगा, की साक्षीदार म्हणून सही करायची वेळ आली तर आधी कागदावर अटकेची वेळ कोणती लिहिली आहे ते बघायचं. वेळेची जागा कोरी असेल, तर सही करायची नाही.