धर्म एक, मग देश दोन का?

नांदगाव-मनमाडकडे कांद्याचे भाव पडले की बांगलादेशचं नाव हमखास निघतं. आपल्या कांद्याचं ते मोठं गिऱ्हाईक. मात्र त्या देशाविषयी बोलताना एक समज पक्का असतो : मुस्लिम देश म्हणजे तिथलं सगळं राजकारण धर्मावर चालणार.

तसं असतं तर पाकिस्तान फुटून बांगलादेश झालाच नसता. मार्च १९४८मध्ये जिनांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाक्यात येऊन ठणकावलं, राज्यभाषा उर्दूच राहील. तेव्हा पाकिस्तानातली निम्म्याहून जास्त माणसं बंगाली बोलत होती. २१ फेब्रुवारी १९५२ला ढाक्यातले विद्यार्थी जमावबंदी मोडून रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. राज्य करणारेही मुसलमान आणि मेलेली पोरंही मुसलमान. आजही त्या दिवशी पहाटे लोक अनवाणी, हातात फुलं घेऊन शहीद मिनारकडे चालत जातात. हुतात्मा चौकात डोकं टेकवणाऱ्या मराठी माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागू नये. पुढे १९६७मध्ये पाकिस्तान सरकारनं रेडिओवरच्या रवींद्रसंगीतावर गदा आणली. चारच वर्षांत रवींद्रनाथांचंच गाणं नव्या देशाचं राष्ट्रगीत झालं.

'बांगलादेश भारतानं तोडून दिला' हेही अर्धसत्यच. डिसेंबर १९७१च्या युद्धाचा निकाल भारतीय सैन्यानं लावला, हे खरं. पण त्याच्या वर्षभर आधीच्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातल्या १६२पैकी १६० सर्वसाधारण जागा अवामी लीग या तिथल्या पक्षानं जिंकल्या होत्या. देशभरात बहुमत मिळूनही त्यांना सत्ता दिली नाही, उलट २५ मार्च १९७१च्या रात्री लष्कर लोकांवर घातलं. तागाच्या निर्यातीचा पैसा पश्चिम पाकिस्तानकडे वळतो, ही खदखदही जुनीच होती.

मग संस्कृतीनं धर्मावर कायमची मात केली का? तसंही नाही. १९७२च्या राज्यघटनेत धर्मनिरपेक्षता होती. ती पुढे काढली गेली, १९८८मध्ये इस्लाम राज्यधर्म झाला. २०११मध्ये धर्मनिरपेक्षता परत आली, पण राज्यधर्मही तसाच राहिला.

आणि भाषेवर उभी राहिलेली ओळख सगळ्यांना सामावून घेतेच, असंही नाही. १९७२मध्ये घटना बनत असताना चितगावच्या डोंगराळ भागातले चाकमा नेते मानवेंद्र नारायण लार्मा यांनी घटना समितीत ठामपणे सांगितलं, की आम्ही बंगाली नाही. ते ऐकून घेतलं गेलं नाही. त्या डोंगरांत नंतर सशस्त्र संघर्ष पेटला. शांतता करार व्हायला डिसेंबर १९९७ उजाडला.