गावच्या माहितीचे पान आणि पीएचपीचे पहिले धडे

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर व दौंड हे दोन शेजारी तालुके. घोड नदीच्या काठचे शिरूर जुन्या मंडळींच्या तोंडी आजही घोडनदीच आहे. तर मनमाडकडे आणि सोलापूरकडे जाणारे लोहमार्ग जेथे वेगळे होतात ते दौंड. एकीकडे ऊस व कांदा, दुसरीकडे रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, अशा दुहेरी वातावरणात येथील तरुण पिढी वाढत आहे. संगणक तिला नवा नाही. राज्याच्या इयत्ता बारावी विज्ञान शाखेसाठी २०२० साली आलेल्या माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात तर जावास्क्रिप्ट आणि पीएचपी या दोन स्क्रिप्टिंग भाषांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. तथापि परीक्षेत या भाषेची व्याख्या लिहिणे निराळे आणि तिच्याकडून गावाच्या उपयोगाचे एखादे काम करवून घेणे निराळे. हे अंतर कसे कापावे, हा शिकणाऱ्याप्रमाणेच शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याही विचाराचा विषय आहे.

याचे उत्तर शिरूर तालुक्यातच, पाबळ येथे, फार पूर्वी शोधले गेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. उद्योगातील संशोधनकार्य मागे ठेवून त्यांनी या अवर्षणप्रवण गावाची निवड केली आणि हाताने काम करता करता शिकणे हेच शिक्षणाचे मुख्य साधन मानले. वेल्डिंग, बांधकाम, शेती, विजेची कामे यांतून मुले गणित व विज्ञान शिकू लागली. पुढे २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने येथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. पाबळची ही रीत वेल्डिंगला जशी लागू पडते तशीच संगणकाच्या भाषेलाही. काम आधी आणि नियम त्या ओघात, हा क्रम नवशिक्याला मानवतो.

फलक आणि कारकून

स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे काय, हे ग्रामपंचायतीच्या कचेरीत सहज समजते. कचेरीबाहेरच्या फलकावर लावलेली नोटीस येणाऱ्या प्रत्येकाला सारखीच दिसते. केवळ एचटीएमएलमध्ये लिहिलेले संकेतपृष्ठ हे अशा फलकासारखे असते. परंतु खिडकीशी येऊन एखाद्याने स्वतःच्या घरपट्टीची चौकशी केली, की कारकून नमुना ८ ची आकारणी नोंदवही उघडतो, त्या घराची नोंद पाहतो आणि त्याच माणसापुरते उत्तर तयार करून देतो. पीएचपी हा तो आतला कारकून होय. मागणी येताच सर्व्हरवर तिचे काम सुरू होते, पान नव्याने तयार होते आणि वाचणाऱ्याच्या ब्राउझरकडे फक्त तयार पान जाते. जावास्क्रिप्टचे मुख्य काम खिडकीच्या बाहेरच्या बाजूचे: अर्जातील रकाना रिकामा राहिला तर जागच्या जागी सांगणे, यादी उघडणे-मिटणे इत्यादी. (तीही सर्व्हरवर चालविता येते, पण नवशिक्याने तूर्त त्या वाटेला जाऊ नये.)

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतपृष्ठाच्या सोयीसाठी जी लहान साधने तयार केली आणि १९९५ च्या जूनमध्ये सर्वांना खुली केली, त्यांतून पीएचपी वाढली. विकिपीडियाची प्रणाली, अनेक संस्थांची संकेतस्थळे ज्यावर चालतात ते वर्डप्रेस आणि शाळा-महाविद्यालयांतून वापरले जाणारे मूडल ही सर्व पीएचपीमध्ये लिहिलेली आहेत. भाषा विनामूल्य आहे. एक्सॅम्प हा संच एकदा उतरवून घेतला, की घरच्या किंवा शाळेच्या जुन्या संगणकावरही सर्व्हर, माहितीसाठा आणि पीएचपी ही तिन्ही इंटरनेटशिवाय चालतात. जेथे जोडणी बेभरवशाची आहे तेथे ही सोय मोठीच म्हटली पाहिजे. पायथॉन शिकावी की पीएचपी, या वादात मात्र महिने दवडू नयेत. कोणतीही एक भाषा नीट आली की दुसरीला फार काळ लागत नाही.

पाण्याच्या पाळीचे पान

पहिले काम लहान आणि रोजच्या गरजेचे निवडावे. उदाहरणार्थ, आज कोणत्या आळीला नळाचे पाणी सुटणार, एवढेच सांगणारे पान. त्यासाठी सात वारांची यादी करावी लागते, आजचा वार विचारावा लागतो आणि यादीतील त्या वारासमोरची आळी दाखवावी लागते. व्हेरिएबल, अ‍ॅरे, अट आणि फंक्शन या चारही गोष्टी या एका कामात येऊन जातात.

येथेच पहिली अडचणही भेटते. वेळेचा विभाग स्पष्ट सांगितला नाही, तर पीएचपी जागतिक प्रमाणवेळ गृहीत धरते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तासांनी पुढे आहे. परिणामी पहाटे पाच वाजता कोणी पान उघडले तर त्यावर आदल्या दिवशीचा वार येतो आणि ज्या आळीला पाणी नाही तिचे नाव झळकते. साडेपाचनंतर पान आपोआप बरोबर दिसू लागते, त्यामुळे दुपारी तपासणाऱ्याला चूक सापडतच नाही. ‘एशिया/कोलकाता’ हा वेळविभाग सुरुवातीलाच नोंदविला, की प्रश्न मिटतो. अशी एक चूक स्वतः शोधून काढण्यातून जे शिक्षण होते, ते दहा व्याख्या पाठ करून होत नाही.

मराठीच्या अडचणी

इंग्रजी पुस्तकांत सहसा न आढळणाऱ्या काही गोष्टी मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात छळतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते आणि काना, वेलांटी, अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे असतात. त्यामुळे ‘दौंड’ या शब्दाची लांबी ‘स्ट्रलेन’ या फंक्शनला विचारली तर उत्तर १२ येते. ‘एमबी_स्ट्रलेन’ ४ सांगते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरे दोनच दिसतात. ‘शिरूर’च्या बाबतीत हीच उत्तरे अनुक्रमे १५, ५ आणि ३ अशी येतात. नावाच्या रकान्याला बाइटांच्या हिशेबाने २० ची मर्यादा घातली, तर मराठी नाव सहा चिन्हांनंतर तुटते आणि सातव्याच्या जागी अगम्य खूण उमटते.

अंकांचेही तसेच. नागरिकाने घरपट्टीची रक्कम देवनागरी अंकांत भरली तर पीएचपी ती संख्या मानत नाही. पूर्णांकात रूपांतर करावयास सांगितले, की हाती शून्य येते. २०२० मधील आठव्या आवृत्तीपासून थेट गुणाकार केल्यास चूक दाखवून काम थांबते. काम थांबले तर निदान चूक कळते. मुकाट्याने आलेले शून्य अधिक घातक. रकान्यातील दहा देवनागरी अंकांच्या जागी संगणकाला कळणारे अंक आधी घालून मगच हिशेब करावा.

शुद्धलेखनाचा प्रश्न तर कचेऱ्यांच्या परिचयाचा आहे. ‘शिरूर’ आणि ‘शिरुर’ ही दोन्ही रूपे फलकांवर व कागदपत्रांत आढळतात. संगणकाच्या लेखी ती दोन निराळी गावे होत. शिवाय बीड जिल्ह्यात शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहेच. म्हणून गाव नावाने न ओळखता केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील सांकेतांकाने ओळखावे आणि नाव केवळ दाखविण्यापुरते ठेवावे.

विश्वास कोणावर ठेवावा

पीएचपी लवकर जमते, आणि हाच तिचा धोकाही आहे. पान चालू लागले की काम संपले असे नवशिक्याला वाटते. वास्तविक रकान्यात कोण काय लिहील याचा नेम नसतो. नावाच्या जागी माहितीसाठ्याला उद्देशून एखादी आज्ञाच लिहिली, आणि कार्यक्रमाने ती जशीच्या तशी पुढे पाठविली, तर सबंध नोंदवही उघडी पडू शकते किंवा पुसली जाऊ शकते. यावरील उपाय म्हणजे ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’. छापील अर्जात रिकाम्या जागी काहीही भरले तरी छापील मजकूर बदलत नाही, त्याप्रमाणे येथे प्रश्न आधी ठरतो आणि भरलेला मजकूर केवळ मजकूरच राहतो. ही पद्धत पुढे कधीतरी शिकण्याची नव्हे. माहितीसाठ्याच्या पहिल्या धड्यातच ती शिकवावी.

पंचायतीनेही एक पथ्य पाळले पाहिजे. उत्साही विद्यार्थ्याच्या हाती करदात्यांची खरी यादी, मोबाइल क्रमांक अथवा आधार क्रमांक सरावासाठी देऊ नयेत. व्यक्तीच्या डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ चा केंद्रीय कायदा आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी चव्हाट्यावर आणणे योग्य ठरले नसते. सरावासाठी काल्पनिक नावांची वीस घरे पुरतात. दाखले देणे आणि कर स्वीकारणे ही कामे शासनाच्या अधिकृत प्रणालींतूनच व्हावयाची आहेत. विद्यार्थ्याच्या पानासाठी पाण्याची पाळी, शालेय ग्रंथालयातील पुस्तकांची यादी, ग्रामसभेची सूचना असे विषय भरपूर आहेत.

शाळेतील संगणक कक्ष सायंकाळी एक तास उघडा ठेवणे, दोघांना मिळून एका यंत्रावर बसविणे आणि मुलांनी केलेले पान ग्रामसेवकांनी स्वतः वापरून त्यातील चुका मुलांनाच सांगणे, इतके झाले तरी सुरुवात होते. पान तपासण्याची वेळ मात्र पहाटे साडेपाचच्या आधीची असावी.