फोटोच्या पाठीवर काय लिहायचं? डिजिटल छायाचित्रसंग्रहासाठी सॉफ्टवेअरची निवड



मागच्या व्याख्यानात आपण जुने फोटो स्कॅन कसे करावेत ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, स्कॅन तर झाले. आता हवा तो फोटो सापडायचा कसा? सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?" आज त्याबद्दल बोलू. सुरुवातीलाच सांगतो, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. संगणकाशी ओळख झाली ती निवृत्तीनंतर, तीही अडखळतच. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते तज्ज्ञांचं ज्ञान नव्हे, ठेच लागलेल्या माणसांचं शहाणपण आहे.

ती ठेच आधी सांगतो. आमच्या वाचनालयात जुन्या फोटोंच्या चार ट्रंका होत्या. आम्ही पाच-सहा निवृत्त मंडळींनी ते सगळे स्कॅन केले. त्यात मुलींच्या शाळेचा एक समूहफोटो होता, चार रांगा, एक्केचाळीस चेहरे. वाचनालयाच्या एक जुन्या सभासद, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, दोन दुपारी आमच्याजवळ बसल्या आणि त्यांनी एकतीस नावं सांगितली. माहेरची नावं, आणि काहींची सासरचीही. आम्ही ती एका फुकट मिळालेल्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्याचेहऱ्यावर चौकटी करून भरली. फार आनंद झाला. पुढे संगणक बदलायची वेळ आली, तेव्हा आम्ही फोटोंचं फोल्डर इमानेइतबारे नव्या संगणकावर नेलं, जुना संगणक देऊन टाकला, आणि फोटो उघडला. चेहरे होते, नावं नव्हती. बाई त्याआधीच दोन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या.

चूक सॉफ्टवेअरची म्हणता येणार नाही. ते त्याच्या रीतीनं वागलं. ती रीत कोणती, हे आम्ही विचारलं नव्हतं. म्हणून आजचं व्याख्यान.

वही की पाठ?

आपल्या आजोबांच्या काळी फोटोतल्या माणसांची नावं दोन ठिकाणी लिहीत. एक म्हणजे फोटोच्या पाठीवर, पेन्सिलीनं. दुसरं म्हणजे वेगळ्या वहीत: अनुक्रमांक बारा, काकांची मुंज, अमुक साल. वही सोयीची, कारण एका नजरेत सगळं दिसतं. पण वही हरवली की बारा नंबरचा फोटो मुका होतो. पाठीवरचं लिखाण फोटोबरोबर जातं, पण शोधायचं तर प्रत्येक फोटो उलटा करून पाहावा लागतो.

सॉफ्टवेअरचंही नेमकं हेच आहे. काही सॉफ्टवेअर तुम्ही भरलेली माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात, ही वही. काही ती फोटोच्या फाईलमध्येच लिहितात, ही पाठ. फाईलमध्ये लिहिण्याचे ठरलेले नमुने आहेत. आयपीटीसी हा वृत्तसंस्थांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं वर्तमानपत्रांच्या सोयीसाठी ठरवलेला नमुना; मथळा, छायाचित्रकार, गाव, विषयशब्द असे रकाने त्यात असतात. एक्सएमपी ही अडोबी कंपनीनं २००१ साली आणलेली पद्धत, आणि आज बहुतेक सॉफ्टवेअरना ती वाचता येते. एक्झिफ म्हणजे कॅमेरा स्वतःहून भरतो ती माहिती.

मग उत्तम काय? दोन्ही. खरी नोंद पाठीवर, आणि वही त्या नोंदींवरून तयार झालेली. वही जळाली तरी पाठी वाचून नवी वही करता आली पाहिजे. सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच: "मी लिहिलेलं कुठे ठेवतोस?" ते दिसतं कसं, रंग कसे आहेत, हे सगळं नंतर.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, चांगल्या मोठ्या कंपनीचं घेतलं की झालं. गूगलचं पिकासा आठवतं का? घरोघरी होतं. मार्च २०१६ मध्ये कंपनीनं त्याचा पाठिंबा थांबवला. कंपनी बुडाली नव्हती, तिनं फक्त दुसरीकडे लक्ष वळवलं. सॉफ्टवेअरचं आयुष्य संग्रहाच्या आयुष्यापेक्षा लहानच असणार. म्हणून घरात शिरताना बाहेर पडायचं दार आधी पाहून ठेवावं.

चार नावं

आम्ही जी वापरून पाहिली त्यांतली चार थोडक्यात सांगतो.

डिजिकॅम हे मुक्त स्रोताचं, फुकट सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. विषयशब्दांची उतरंड करता येते: जिल्हा, त्याखाली तालुका, त्याखाली गाव. त्याची स्वतःची वही असतेच, पण माहिती फाईलमध्ये लिहायची सोयही आहे. ती सेटिंगमध्ये जाऊन, कुठल्या गोष्टी फाईलमध्ये लिहायच्या त्यांवर खुणा करून, खात्री करून घ्यायची. एकटा माणूस किंवा एकाच संगणकावर काम करणारी छोटी मंडळी असतील, तर आमची पसंती याला.

ट्रॉपी हे अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या रॉय रोझेनझ्वाइग केंद्रात इतिहाससंशोधकांसाठी तयार झालं. संशोधक दप्तरखान्यात जाऊन कागदांचे शेकडो फोटो काढतो. एका पत्राची सहा पानं म्हणजे सहा फोटो. ट्रॉपी ते सहा एका नोंदीत बांधतं. पण ते माहिती स्वतःच्या प्रकल्पफाईलमध्ये ठेवतं, मूळ फोटोला हात लावत नाही. संशोधकाला हेच हवं असतं. कुटुंबाच्या फोटोंना मात्र ही वही होईल, पाठ नव्हे. निर्यात नियमित करत राहिलं पाहिजे.

ओमेकाही त्याच केंद्रात तयार झालं. संग्रह संकेतस्थळावर मांडायचा असेल तर ते उपयोगी. ते डब्लिन कोअर नावाचा नमुना वापरतं. हे डब्लिन आयर्लंडचं नव्हे, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. तिथे १९९५ साली ग्रंथपाल आणि संगणकवाले एकत्र बसले आणि त्यातून पुढे पंधरा रकान्यांची यादी ठरली. ओमेकाला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तो माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

चौथं अडोबीचं लाइटरूम क्लासिक. उत्तम आहे, पण वर्गणी भरावी लागते आणि माहिती मुळात कॅटलॉगमध्ये, म्हणजे वहीत राहते. ती फाईलमध्ये उतरवण्याचा पर्याय आपण सुरू करावा लागतो. वापरणाऱ्यांनी आज घरी जाऊन एवढं तपासा.

मराठीची परीक्षा

आता असा भाग, जो इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाही.

पहिली अडचण जागेची. आयपीटीसीच्या जुन्या रचनेत प्रत्येक रकान्याला मर्यादा आहे: गावाच्या नावाला ३२ बाइट, एका विषयशब्दाला ६४ बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. 'त्र्यंबकेश्वर' मोजा. तेरा चिन्हं, म्हणजे ३९ बाइट. जे सॉफ्टवेअर ही जुनी मर्यादा काटेकोर पाळेल, ते 'त्र्यंबकेश'पाशीच थांबेल. कोल्हापूर नऊ चिन्हांत, २७ बाइटांत बसतं, म्हणून तिथे चूक लक्षातही येणार नाही. एक्सएमपीत ही अडचण नाही. तेव्हा माहिती एक्सएमपीत लिहिली जाते ना, एवढं पाहा.

दुसरी अडचण व्याकरणाची. आपण मथळा लिहितो, "विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका." वर्षानं कुणीतरी शोधतो, "विहीर." सापडत नाही! कारण संगणक अक्षरं जुळवतो. 'विहीर' आणि 'विहिरी' यांत त्याला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक दिसतो. आपल्या भाषेत नाम वाक्यात गेलं की रूप बदलतं. उपाय सोपा आहे. मथळा हवा तसा लिहा, पण विषयशब्दांच्या रकान्यात मूळ रूप, एकवचनी: विहीर, घोडा, घाट. आणि ही यादी आधी ठरवा. एकानं 'लग्न', दुसऱ्यानं 'विवाह', तिसऱ्यानं 'शुभकार्य' लिहिलं तर तीन वेगळे संग्रह होतील.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. 'वाऱ्यावर' मधला तो अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतो. पडद्यावर एकसारखा दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमाला असते. सर्वांनी एकच कळफलक वापरावा, हे बरं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये तर काहीही भरू नका.

चौथी जुन्या लेखनाची. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी लोक 'पुणें', 'नवें' असं अनुस्वार देऊन लिहीत. फोटोमागचा मजकूर आहे तसाच उतरवून घ्या, तो पुरावा आहे. विषयशब्द मात्र आजच्या लेखनात द्या.

रिकामा रकाना

आता थोडं आमच्या विषयाकडे वळू द्या, फार वेळ घेत नाही.

वैशेषिकांनी पदार्थांची यादी केली, त्यात पुढे 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला गेला. 'नसणं' हेही जाणण्याजोगं असतं आणि त्याचे प्रकार असतात. वर्गात विद्यार्थी यावर हसायचे. सूची करायला बसलो तेव्हा आम्हाला ते पटलं. "छायाचित्रकार" हा रकाना रिकामा आहे. म्हणजे काय? आपण अजून पाहिलं नाही? पाहिलं, पण सापडलं नाही? की फोटोवर कधी काही लिहिलेलंच नव्हतं? तिन्ही वेगळं. पुढचा माणूस पहिल्या अर्थी शोधेल आणि तिसऱ्या अर्थी दमेल. म्हणून आम्ही ठरवलं: रिकामा रकाना म्हणजे 'अजून पाहिलं नाही'. शोधून न सापडल्यास 'शोधलं, अज्ञात' असं लिहायचं.

तसंच प्रमाणाचं. नाव कळलं कसं, हे नोंदीत हवं. एका फोटोच्या मागे फक्त "पूर, १२ जुलै" असं आहे, साल नाही. फोटोत पुण्याचा रस्ता आणि चिखल. पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ ला, म्हणून आम्ही १९६१ म्हटलं. हे अनुमान झालं. बाईंनी सांगितलेली नावं म्हणजे शब्दप्रमाण. आणि सॉफ्टवेअर चेहरा ओळखून "ही तीच व्यक्ती असावी" असं सुचवतं, ते साम्यावरून; नैयायिक रागावणार नसतील तर आम्ही त्याला उपमानाचं धाकटं भावंड म्हणू. डिजिकॅम असं नाव सुचवतं आणि माणसाच्या होकाराची वाट पाहतं, हे आम्हाला आवडलं. बहिणीबहिणींत ते फसू शकतं. होकार देताना घाई नको.

तारखेचंही एक पाहा. फाईलची तारीख ही बहुधा स्कॅन केल्याची असते. न सुधारल्यास तुमच्या पणजोबांचं लग्न चालू दशकात लागेल! नक्की तारीख ठाऊक नसेल तर तारखेच्या रकान्यात खोटा दिवस घालू नका. वर्णनात "सुमारे १९५०" लिहा आणि 'दशक १९५०' असा विषयशब्द द्या.

वीस फोटोंची चाचणी

सगळा संग्रह भरण्याआधी वीस फोटो घ्या आणि प्रत्येक उमेदवार सॉफ्टवेअरला या पायऱ्यांवरून चालवा.

एक: मराठीत मथळा, व्यक्ती, गाव, विषयशब्द भरा. गावांत त्र्यंबकेश्वर असू द्या.

दोन: फक्त फोटोंच्या फाईली पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. भरलेलं दिसतं का? काही सॉफ्टवेअर शेजारी त्याच नावाची एक्सएमपी फाईल ठेवतात. मूळ स्कॅनला धक्का लावायचा नसेल तर ते चांगलंच, पण मग जोडी मोडू द्यायची नाही.

तीन: विहीर, विहिरी, विहिर, तिन्ही शोधून पाहा.

चार: सगळी माहिती साध्या तक्त्यात, सीएसव्ही फाईलमध्ये बाहेर काढा. सॉफ्टवेअरला जमत नसेल तर एक्सिफटूल नावाचं फुकट साधन फाईलींमधून ती काढतं. तक्ता उघडून मराठी नीट दिसतं का पाहा.

पाच: ज्यांनी हे सॉफ्टवेअर कधी पाहिलं नाही अशा घरातल्या कुणाला तरी एक फोटो शोधायला सांगा आणि आपण गप्प बसा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यात वाचकाचा वेळ वाचवावा असा एक नियम आहे. तो इथे कळतो.

दुसरी पायरी ज्याला जमली नाही, त्याचे बाकी गुण मोजू नका.

शेवटी एक. सॉफ्टवेअर ठरायला महिना लागू शकतो. तोवर थांबू नका. घरात किंवा गावात ज्यांना चेहरे ओळखता येतात त्यांच्याकडे उद्याच जा, आणि जे सांगतील ते कागदावर उतरवून घ्या: रांग, डावीकडून क्रमांक, नाव, सांगणाऱ्याचं नाव, तारीख. कागद कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नंतर भरता येतो.

आमच्या त्या समूहफोटोतली एकतीसपैकी नऊ नावं पुन्हा मिळाली, कारण त्या दुपारी आमच्यातल्या एकानं सवयीनं पाकिटाच्या मागे थोडं टिपून ठेवलं होतं. बावीस चेहऱ्यांपुढे आता 'शोधलं, अज्ञात' असं आहे. कुणाला ओळख पटली, तर ती पाठीवरच लिहू.