विश्लेषण : मासेमारीबंदीत बोटीच्या टाकीतले डिझेल का बिघडते?

पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. या काळात पनवेल तालुक्यातील गव्हाण, न्हावा परिसराच्या खाडीकिनारी आणि उरणच्या करंजा, मोरा बंदरांत यांत्रिक बोटी शाकारून ठेवल्या जातात. जाळ्यांची दुरुस्ती होते, रंगकाम होते. टाकीत उरलेल्या डिझेलकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही. हंगामाच्या पहिल्याच फेरीत इंजिन भर समुद्रात बंद पडते, तेव्हा कारण अनेकदा त्याच टाकीत सापडते.

दोन महिन्यांत डिझेल शिळे होते का?

नाही. स्वच्छ, कोरड्या टाकीत ते साधारण सहा महिने ते वर्षभर टिकते. त्याला बिघडवते ते पाणी. टाकी अर्धवट भरलेली असेल तर उरलेल्या जागेत हवा असते. दिवसा तापली की ही हवा टाकीच्या हवेच्या नळीतून बाहेर पडते. रात्री गारवा आला की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि टाकीच्या भिंतींवर दव धरते. डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग झिजली असेल तर पावसाचे पाणी थेट आत जाते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते आणि वरून दिसत नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले जाते, म्हणून डिझेलही पाणी धरते, असा एक समज पसरला आहे. पंपावर मिळणाऱ्या नेहमीच्या डिझेलमध्ये इथेनॉल नसते. जैवडिझेलचे मिश्रण असेल तर मात्र इंधन जास्त ओलावा शोषते.

काळा, बुळबुळीत गाळ कशाचा?

तो गंज आणि कचऱ्याचाच असतो असे नाही. तळाचे पाणी आणि वरचे डिझेल जिथे भेटतात, तिथे जिवाणू आणि बुरशी वाढतात. राहायला त्यांना पाणी लागते, खाद्य डिझेलमधून मिळते. त्यांचा शेवाळासारखा थर तयार होतो आणि त्यातून निघणारी आम्ले लोखंडी टाकी आतून खातात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आली. हवेसाठी हे चांगलेच झाले; पण गंधक घटल्याने या जंतूंच्या वाढीतला एक अडसरही कमी झाला, असे मानले जाते.

धक्क्यावर चालणारे इंजिन समुद्रात का थांबते?

बोट धक्क्याला उभी असताना गाळ तळाशी निवांत बसलेला असतो. लाटांत टाकी घुसळली जाते, गाळ वर येतो आणि फिल्टर तुंबतो. इंजिन आधी दम तोडू लागते, मग बंद पडते. पाणी पुढे पंपापर्यंत आणि इंजेक्टरपर्यंत गेले तर दुरुस्ती महागात पडते, कारण या भागांतली फट जेमतेम काही मायक्रॉनची असते. त्यात वारा किनाऱ्याकडचा असेल, तर बंद बोट खडकावर जाण्याचा धोका वेगळाच.

मग टाकी भरून ठेवावी की रिकामी?

तांत्रिक सल्ला काठोकाठच्या जवळ भरण्याचा असतो, कारण हवा कमी तर दवही कमी. पण बंदीत कमाई थांबलेली असते आणि डिझेलवरील कराचा परतावा नंतर मिळतो. शेकडो लिटर डिझेलमध्ये पैसा अडकवणे लहान बोटवाल्याला झेपत नाही, शिवाय चोरीची भीती. त्याच्यासाठी दुसरा मार्ग बरा : टाकी पूर्ण उपसून, पुसून, कोरडी करून झाकण घट्ट लावणे. अर्धी टाकी तशीच सोडणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे आणि नेमका तोच सर्रास वापरला जातो. रिकाम्या टाकीत वाफ उरते, त्यामुळे तिच्याजवळ वेल्डिंग करू नये. उपसलेले डिझेल जस्ताचा मुलामा असलेल्या पिंपात ठेवू नये. जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होते.

पहिल्या फेरीआधी काय तपासावे?

टाकीच्या तळाचा नळ उघडून अर्धा लिटर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि स्थिर ठेवावे. स्वच्छ, चमकदार दिसले तर ठीक. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. सगळेच धुरकट असेल तर पाणी बारीक थेंबांत मिसळलेले आहे. काळे तंतू दिसले तर टाकी धुवावीच लागेल. पेट्रोल पंपांवर मोजपट्टीला लावतात ती पाण्यात रंग बदलणारी पेस्टही इथे उपयोगी पडते. जंतुनाशक औषध टाकायचेच असेल तर आधी पाणी काढावे. मेलेला थर फिल्टरमध्येच येऊन बसतो, म्हणून औषधानंतर दोन-तीन फिल्टर जादा लागतात. एरवीही एक जादा फिल्टर आणि तो बदलून लाइनमधली हवा काढता येणारा खलाशी बोटीवर असावा.

टाकीतून काढलेले गढूळ पाणी बहुतेक वेळा खाडीतच ओतले जाते. निवट्या, चिंबोऱ्या आणि कालवे त्याच चिखलात असतात. ते बंद पिंपात साठवून टाकाऊ तेल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यायला हवे. एकट्या बोटवाल्याचे पिंप भरायला वर्ष लागेल. धक्क्यावर सोसायटीचे एकच सामायिक पिंप ठेवले, तर ते एका हंगामात भरू शकते.