लिहिलेली कमांड पुन्हा का लिहावी?

संगणकाचे शिक्षण घेणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतून घरोघरी दिसतात. लिनक्स शिकताना त्यांच्यासमोर येते ते टर्मिनल. तेथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. प्रत्येक कमांड अक्षर-अक्षर टाईप करावी लागते. एक अक्षर चुकले की काम अडते. लांबलचक इंग्रजी ओळ चारदा चुकली की मूल म्हणते, "हे आपल्याला जमायचे नाही." वाचकहो, आम्ही म्हणतो, यात बुद्धीचा दोष नाही. जुनी कमांड शोधून वापरण्याची रीत त्याला कोणी दाखविलेली नसते, एवढेच.

कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. मागचे पत्र हवे असले की कारकून वही चाळतो, क्रमांक पाहतो आणि पत्र काढतो. टर्मिनलही अशीच वही ठेवते. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सी शेल लिहिले, त्यात ही सोय होती. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश १९८९ साली आले. लिनक्सवर सर्रास आढळणाऱ्या या बॅशमध्येही ती आहे. बॅश मुळात ५०० कमांड लक्षात ठेवते; ही मर्यादा वाढविता येते.

वरच्या बाणाची कळ दाबा, मागची कमांड समोर येते. पुन्हा दाबा, त्याच्या आधीची येते. चुकलेले अक्षर तेवढे सुधारा आणि एंटर दाबा. कमांड फार जुनी असेल तर कंट्रोल आणि आर या कळा एकत्र दाबून तिच्यातला आठवेल तो तुकडा टाईप करा. हवी ती सापडेपर्यंत कंट्रोल-आर पुन्हा दाबत राहा. इंग्रजीत 'हिस्टरी' टाईप केले की क्रमांकवार यादी मिळते. उद्गारचिन्ह आणि त्याला चिकटून क्रमांक दिला की ती कमांड चालते. दोन उद्गारचिन्हे दिली की शेवटची कमांड पुन्हा चालते.

पण सावधान! उद्गारचिन्हाने बोलाविलेली कमांड एंटर दाबताच चालते, "चालवू का?" असे विचारत नाही. ती 'आरएम'ची निघाली तर फाईल जाते, आणि ती कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून शेवटी कोलन व लहान पी जोडावा. मग कमांड नुसती दिसते, चालत नाही. वाचावी, मगच चालवावी.

दुसरी गोष्ट पासवर्डची. टर्मिनल बंद होताना ही वही फाईलमध्ये उतरते. वर्गातल्या एकाच खात्यावर दहाजण काम करीत असतील, तर कमांडच्या ओळीत लिहिलेला पासवर्ड पुढचा कोणीही वाचू शकतो. तो त्या ओळीत लिहूच नये. लिहिला गेलाच, तर लगेच बदलावा.

ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी धाकट्यांना शेजारी बसवून एकदा करून दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे. पण "जमायचे नाही" म्हणणारे मूल त्यामुळे पुन्हा कळफलकाला हात लावील.